प्रतिसाद: ‘अँथम’ अडखळत असेल तर

आयन रँडची छोटी कादंबरी ‘अँथम’ वाचताना ‘बोलतंय कोण, आणि किती जण?’ असं एका वाचकाने विचारलंय. बोलणारा एकटाच आहे, रस्ते झाडणारा. गोष्टीतल्या समाजात माणसांसाठी एकवचनच उरलेलं नाही, म्हणून तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो आणि आवडत्या मुलीबद्दलही अनेकवचनातच लिहितो. खरा समूह असेल तिथे बहुधा ‘भाऊ’ किंवा ‘कौन्सिल’ येतं, त्यावरून ओळखा.

बारा प्रकरणांत पहिलं सगळ्यात लांब. ते लोकलमध्ये तोडून वाचलं की धागा सुटतो. घरी एका बैठकीत संपवा. पुढची छोटी आहेत, दादर ते बोरिवलीत दोन-तीन होतात (बसायला मिळालं तर).

सातवं मात्र सावकाश. त्यात निवेदक स्वतः बनवलेला विजेचा दिवा विद्वानांपुढे ठेवतो आणि त्यांची हरकत काय, तर मेणबत्तीला सगळ्यांची मंजुरी मिळवायलाच पन्नास वर्षं गेली, आता मेणबत्ती खात्याचं काय! सोसायटीच्या जनरल बॉडीला बसलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

शेवटची दोन प्रकरणं बरीचशी भाषणच. समूहाची बाजू रँड नीट मांडूच देत नाही. त्यासाठी रशियन लेखक झाम्यातिनची ‘वुई’ ही कादंबरी (लेखन 1920-21, निवेदकाच्या चाळीस नोंदी) जोडीला घ्या. तिथला निवेदक सुरुवातीला व्यवस्थेचा मनापासून भक्त असतो.