ऑकलंडहून कॅम्परव्हॅनने प्रवास : नियोजनाचे अनुभव

न्यूझीलंडमधील प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या हव्या तितक्या मिळतात. कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, ताब्यात घेतल्यापासून पहिल्या मुक्कामापर्यंत काय करावे लागते, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ज्यांनी ऑकलंडहून असा प्रवास केला आहे, त्यांनी नियोजनापुरते अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करतो.

गॅस, पाणी आणि सांडपाण्याची टाकी समजून घेण्यात बराच वेळ जातो, त्यामुळे पहिल्या दिवशी लांबचा पल्ला ठेवू नये. उत्तरेकडे निघाल्यास जो टोलरस्ता लागतो, त्यावर नाका नाही; कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि पैसे पाच दिवसांच्या आत ऑनलाइन भरावे लागतात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते, मात्र अरुंद पुलांवर एका वेळी एकाच बाजूची गाडी जाते आणि ज्याच्या बाजूला लहान लाल बाण असेल, त्याने थांबायचे असते.

*

मुक्कामाविषयी भर घालते. 'कुठेही गाडी लावा आणि झोपा' हा समज सोडूनच द्यावा. प्रत्येक नगरपरिषदेचे नियम वेगळे आहेत, आणि २०२३ च्या कायद्यानुसार स्वयंपूर्णतेचे प्रमाणपत्र (शौचालय, पाणी व सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचा दाखला; उघड्यावर मुक्कामासाठी बहुतेक ठिकाणी तो लागतो) मिळण्यासाठी गाडीत पक्के बसवलेले शौचालय लागते, तेही पलंग अंथरलेला असताना वापरता येईल असे. आरक्षण करण्यापूर्वी आम्ही गाडीचा आराखडाच मागवून घेतला. लहान मुले बरोबर असल्यास एक दिवसाआड वीजजोडणी असलेल्या तळावर राहणे उत्तम. स्वस्ताईच्या हट्टापायी सगळ्यांची झोप मोडण्यात अर्थ नाही.

*

आमचा सगळा भर स्वयंपाकावर होता. भारतातून मध आणता येत नाही. इतर खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर न केल्यास जागीच ४०० डॉलर दंड होतो. पोहे, डाळी, गोडा मसाला हे सारे ऑकलंडच्या सँडरिंगहॅम उपनगरातील भारतीय दुकानांतून घेतले, ते सोयीचे पडले. फोडणी मात्र दार-खिडक्या उघडूनच करावी: मोहरी तडतडेपर्यंत सर्व ठीक होते, मिरच्या पडताच धुराची घंटा जी वाजू लागली, ती टॉवेलने वारा घालूनही थांबेना, आणि शेजारच्या गाडीतील आजोबा चौकशीला आले.

*

दक्षिण बेटावर जायचे असल्यास वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोटीचे आरक्षण आधी करावे आणि बाकीचे वेळापत्रक त्यानुसार आखावे. आरक्षणात गाडीची लांबी अचूक द्यावी लागते आणि चढण्यापूर्वी गॅस बंद करावा लागतो. डिझेल गाडीवर किलोमीटरमागे वेगळा कर असतो. तो भाड्यात धरला आहे की परतीच्या वेळी आकारला जाणार आहे, हे लेखी विचारून घ्यावे.