गोल्डन कंपास: जगभरात ३७२ मिलियन डॉलर, तरी पुढचा भाग का नाही आला?

ध्रुवअस्वल

परवा 'द गोल्डन कंपास' परत बघितला. चिलखत घातलेलं ते पांढरं अस्वल अजूनही तितकंच भारी वाटतं. नंतर आकडे शोधत बसलो आणि डोकंच चक्रावलं. २००७ चा सिनेमा, बजेट साधारण १८० मिलियन डॉलर, अमेरिकेत कमाई फक्त ७० मिलियन, पण अमेरिकेबाहेर तब्बल ३०२ मिलियन. म्हणजे एकूण ३७२, बजेटच्या दुपटीच्या वर. आणि तरी सगळीकडे फ्लॉप म्हणूनच उल्लेख, तीन पुस्तकांची गोष्ट पहिल्याच भागात अर्धवट सोडून दिली ती दिलीच. जगभरात एवढ्या लोकांनी मुलाबाळांना घेऊन तिकिटं काढली त्यांची काहीच किंमत नाही का? अमेरिकेतल्यांना नाही आवडला म्हणून बाकी जगाने पण बघायचा नाही, हे मला खरंच पटत नाहीये. कोणाला यामागचं गणित माहीत असेल तर सांगा प्लीज.

तिकीटबारी

ते ३०२ मिलियन सिनेमा बनवणाऱ्या न्यू लाइन कंपनीचे नव्हतेच, खरी गोम तिथे आहे.

न्यू लाइनने पैसे उभे करताना अमेरिकेबाहेरचे हक्क देशोदेशीच्या वितरकांना आधीच विकले होते, उभं पीक विकून टाकावं तसे. वितरक ठरलेली रक्कम मोजणार, त्यातून बजेटचा बराच भार हलका होतो, आणि सिनेमा आपटला तर त्या देशातलं नुकसान वितरकाच्या बोकांडी. पण चालला तर मलईही त्याचीच. त्या वेळचे पोस्टर बघा, ब्रिटनमध्ये एंटरटेनमेंट फिल्म, फ्रान्समध्ये मेट्रोपॉलिटन, म्हणजे प्रत्येक देशात दुकान वेगळ्याचं. ब्रिटनमध्ये ५० मिलियन डॉलरच्या वर धंदा झाला, त्याचा आनंद तिथल्या वितरकाला, न्यू लाइनला नाही.

न्यू लाइनकडे उरलं काय, तर अमेरिका. तिथले ७० मिलियन म्हणजे सुद्धा तिकिटांची एकूण विक्री, त्यातले ढोबळमानाने अर्धे थिएटरवाले ठेवतात. म्हणजे हातात पडले ३५ च्या आसपास, आणि अमेरिकेतल्या जाहिरातींचा अन् प्रिंटचा (थिएटरला पाठवायच्या प्रतींचा) खर्च मात्र सगळा यांच्याच अंगावर. पहिल्या वीकेंडला जेमतेम २६ मिलियन आले तेव्हाच खेळ संपला होता, कारण डिसेंबरमधला फॅमिली सिनेमा सुट्ट्यांच्या जोरावर हळूहळू उचलतो हे खरं असलं तरी एवढं मोठं बजेट असताना एवढ्या खालून वर येणं फार अवघड.

आता हीच पद्धत न्यू लाइनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ला वापरली होती बरं का. तेव्हा तिला कोणी नावं ठेवली नाहीत, कारण त्या तिन्ही भागांनी एकट्या अमेरिकेतच प्रत्येकी ३०० मिलियनच्या वर कमावले. पद्धत तीच, फक्त ज्या एका बाजारावर सगळा डाव लावला होता तोच या वेळी कोसळला.

आणि एक गोष्ट वाचून मला फार वाईट वाटलं होतं. २४ फेब्रुवारी २००८ ला या सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं आणि चारच दिवसांनी, २८ ला, मालक कंपनी टाइम वॉर्नरने जाहीर केलं की न्यू लाइन वॉर्नर ब्रदर्समध्ये विलीन करणार. १९६७ पासूनची कंपनी, संस्थापक रॉबर्ट शे सुद्धा बाहेर. त्या निर्णयामागचं कारण हा एकच सिनेमा नव्हता, पण शेवटचा धक्का याचाच होता असं माझं मत.

पानोपानी

हिशोब बरोबर आहे पण अमेरिकेत तो पडला का ते पण बोला ना. तिथल्या कॅथलिक लीग या धार्मिक संघटनेने २००७ च्या ऑक्टोबरपासूनच बहिष्काराची हाक दिली होती, पुस्तकं धर्मविरोधी आहेत म्हणून. कंपनीने घाबरून सिनेमातले चर्चचे सगळे संदर्भ आधीच पातळ केले होते, त्यामुळे झालं काय की विरोध करणारे थांबले नाहीत आणि पुस्तकावर प्रेम करणारे पण नाराज. वर शेवटची तीन प्रकरणं, जी शूट करून झाली होती, ती कापून पुढच्या भागासाठी ठेवली. पुस्तकाचा शेवट वाचताना काळजात चर्र होतं आणि सिनेमा मात्र सगळं काही गोड होणार असं सांगून संपतो. ज्या पुढच्या भागासाठी ते राखून ठेवलं तो आलाच नाही. मला याचा अजूनही राग आहे.

दोनओळी

+१ शेवटाबद्दल. नायिका लायरा झालेली मुलगी काय छान काम करते, तिच्यासाठी तरी पुढचा भाग हवा होता.

सातसमुद्र

बाहेर एवढा का चालला यावर थोडं. फॅमिली फँटसीला अमेरिकेबाहेर एक सोय असते, लहान मुलं सबटायटल वाचू शकत नाहीत म्हणून जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन सगळीकडे डबिंग होतं, आणि बोलणारं अस्वल तर कुठल्याही भाषेत आपलंच वाटतं. मूळ इंग्रजीत आवाज इयान मॅकेलनचा, पण त्या देशातल्या पोराला ऐकू येतो तो त्याच्याच भाषेतला आवाज. शिवाय प्रत्येक वितरक आपापल्या देशाच्या सोयीने तारीख धरतो, ब्रिटनमध्ये अमेरिकेच्या दोन दिवस आधीच लागला आणि जपानमध्ये थेट मार्च २००८ मध्ये. अमेरिकेतला तो कॅथलिक वाद युरोपात एवढा पेटला पण नाही.

पण ३०२ चा आकडा बघताना डॉलरची तेव्हाची अवस्था लक्षात घ्या. २००७ च्या शेवटी एक पाउंड म्हणजे दोन डॉलरच्या आसपास आणि युरो १.४५ च्या पुढे होता. डॉलर पडलेला असला की परदेशातली तेवढीच तिकिटं डॉलरमध्ये मोजताना जास्त दिसतात. म्हणून वेगवेगळ्या वर्षांचे सिनेमे नुसत्या डॉलरच्या आकड्यावर तोलू नयेत असं मला वाटतं, बहुतेक लोक तेच करतात.

'नार्निया' ही दुसरी फँटसी सिनेमांची मालिका बघा म्हणजे चित्र अजून स्पष्ट होईल. २००५ चा पहिला भाग जगभरात ७४५ मिलियन, त्यातले अमेरिकेत २९२. दुसरा 'प्रिन्स कॅस्पियन' २००८ मध्ये एकूण ४२० वर आला, अमेरिकेत १४२, बजेट २२५! ख्रिसमसच्या सुट्ट्या सोडून मे महिन्यात मोठ्या सिनेमांच्या गर्दीत आणला तो. डिस्नेने हात वर केले आणि तिसरा भाग फॉक्सकडे गेला. तिसऱ्याने २०१० मध्ये अमेरिकेत १०४ आणि बाहेर ३११ केले. म्हणजे अमेरिकेतला आकडा भागागणिक घसरत गेला पण बाहेरचा तिसऱ्या वेळी चक्क वाढला. आणि तरी चौथा आला नाही.

ध्रुवअस्वल

वा, बऱ्याच गोष्टी आता कळल्या, आभार सगळ्यांचे. मग अजून एक शंका. त्या बाहेरच्या वितरकांना तर चांगला फायदा झाला असणार ना? मग त्यांनीच एकत्र येऊन दुसऱ्या भागाला पैसे का नाही घातले?

तिकीटबारी

चांगला प्रश्न आहे. एक तर त्यांच्याकडे फक्त आपापल्या देशात हा एक सिनेमा दाखवायचे हक्क. पुढचा भाग बनवायचा हक्क न्यू लाइनकडे, म्हणजे नंतर वॉर्नरकडे. दुसरं असं की अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर रिलीज होणार याची हमी असेल तरच बाहेरचे वितरक मोठी रक्कम मोजतात, बऱ्याच करारांत तशी अटच असते, कारण तिथल्या जाहिरातींचा गाजावाजा सगळीकडे पोचतो. आता पहिला भाग ७० वर आपटल्यावर अमेरिकेची बाजू उचलायला कोण पुढे येणार? आणि वॉर्नरचं स्वतःचं वितरणाचं जाळं जगभर आहे, त्यांना तुकड्या तुकड्याने हक्क विकण्यात रसच नव्हता. उलट न्यू लाइनच्या सिनेमांची परदेशातली कमाई घरात राहावी हा विलीनीकरणाचा एक मोठा हेतू होता.

अजून एक राहिलं. परदेशातला प्रत्येक डॉलर सारख्या किमतीचा नसतो. अमेरिकेत तिकिटाच्या अर्ध्याच्या आसपास स्टुडिओकडे येतात, बाकी बऱ्याच देशांत ४० टक्क्यांच्या आसपास, आणि चीनमध्ये हिस्सेदारीवर आलेल्या परदेशी सिनेमाला साधारण २५ टक्केच. म्हणून हल्ली एखादा फँटसी सिनेमा 'जगभरात ४०० मिलियन' म्हणून मिरवला जातो तेव्हा मी आधी बघतो की त्यातले चीनचे किती.

पानोपानी

ज्यांना गोष्ट पूर्ण हवी आहे त्यांच्यासाठी: बीबीसी आणि एचबीओची 'हिज डार्क मटेरियल्स' मालिका आहे, २०१९ ते २०२२, तीन सीझनमध्ये तिन्ही पुस्तकं. गंमत म्हणजे तिच्या निर्मितीत न्यू लाइन पण आहे. सिनेमातून कापलेला तो शेवट पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात आहे, लहान मुलांबरोबर बघणार असाल तर आधी एकट्याने बघून घ्या.

ध्रुवअस्वल

आज रात्रीच सुरू करतो. अस्वल कसं केलंय त्यात?

पानोपानी

चांगलं आहे, पण बर्फावरच्या त्या दोन अस्वलांच्या लढाईत मला सिनेमाच सरस वाटतो.