प्रतिसाद: वेस्टगेट असताना पॉप-ऑफ व्हॉल्व्ह कशाला?
टर्बोवाल्या स्नोमोबिलमध्ये (बर्फावर चालणारी गाडी) वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, धड असेल तर बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा वाढीव दाब) हाताबाहेर जाणारच नाही, पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की उघडून हवा बाहेर सोडणारी झडप) म्हणजे उगाच खर्च, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. पहिला अर्धा भाग मान्य. पण वेस्टगेटच्या डायफ्रामपर्यंत (दाबाने हलून झडप उघडणारा पडदा) दाब पोचवते ती एक बारीकशी रबरी नळी, आणि स्नोमोबिलमध्ये घात होतो तो तिथेच. तापलेलं इंजिन बंद करून गाडी थंडीत उभी राहिली की नळीत ओल धरते. नळीला कुठे झोळ पडला असेल तर तिथे पाणी साचून गोठतं. मग डायफ्रामला दाब पोचत नाही, वेस्टगेटची झडप मिटलेलीच राहते आणि बूस्ट चढत जातो. टू-स्ट्रोकचा पिस्टन जाळायला तेवढं बास होतं. त्यामुळे नळी आखूड आणि उतरती ठेवावी, आणि पॉप-ऑफ थेट इनटेकवर (इंजिनात हवा जाते त्या वाटेवर) बसवावा, म्हणजे तो त्या नळीच्या भरवशावर राहत नाही.

उंचीबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही. साधी स्प्रिंगवाली वेस्टगेट बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब धरते. ३००० मीटरवर हवेचा दाब साधारण ७० किलोपास्कल, वर ४० चा बूस्ट, म्हणजे एकूण ११०. तीच सेटिंग घेऊन समुद्रसपाटीजवळ उतरलात की एकूण १४१, आणि साधा बूस्ट गेज मात्र शांतपणे ४० च दाखवतो! ईसीयूमधला (इंजिन चालवणारा संगणक) ओव्हरबूस्ट कट, म्हणजे बूस्ट फार चढला की इंजिन आवरणारी सेटिंग, म्हणून एकूण दाबावर लावावा. आणि कट म्हणजे इंधन पूर्ण बंद. नुसतं कमी केलं तर मिश्रण लीन होऊन (हवेच्या मानाने इंधन कमी पडून) डेटोनेशनला, म्हणजे मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटण्याला, आमंत्रणच.