आईच्या बोटात तारा घालायच्या आहेत. जंतुसंसर्गाची भीती कितपत धरावी? (पुणे)

उकड_आणि_सारण (सोमवार, रात्री ९.४०)
नमस्कार. माझी आई ५९ वर्षांची आहे. गेल्या शनिवारी पावसाने ओल्या झालेल्या जिन्यावरून ती घसरली आणि तिच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचे, तळव्याला लागून असलेले हाड तिरके मोडले. मूठ वळली की ते बोट करंगळीवर चढते, त्यामुळे नुसत्या प्लास्टरवर भागणार नाही, दोन के-वायर (हाड जागेवर धरून ठेवणाऱ्या बारीक धातूच्या तारा) घालाव्या लागतील, असे कर्वेनगरमधल्या आमच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. तारांची टोके ते कातडीबाहेर ठेवणार असून चार आठवड्यांनी ओपीडीतच काढणार आहेत. आईला मधुमेह आहे आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.४ आला आहे. बाहेर राहिलेल्या टोकांवाटे जंतू हाडापर्यंत जातील, ही आम्हाला धास्ती वाटते. टोके कातडीखाली पुरून घेणे अधिक सुरक्षित आहे का? विमा नसल्यामुळे सर्व मिळून ४५ हजारांच्या वर जाणे शक्य नाही. गणपतीला सात आठवडे उरले आहेत आणि मोदकांच्या मागण्या आत्तापासून येत आहेत, पण ती काळजी नंतरची.

दुचाकीस्वार_९ (सोमवार, रात्री १०.१५)
तारा मुळीच घालू नका. तीन वर्षांपूर्वी माझे मनगट मोडले तेव्हा मी टायटॅनियमची प्लेट बसवून घेतली, १ लाख ६० हजार मोजले आणि आजतागायत एक थेंब पू झालेला नाही. मॉड्युलर ओटी (गाळलेल्या हवेचे खास शस्त्रक्रियागृह) असलेले मोठे रुग्णालय निवडा. आरोग्याच्या बाबतीत पैशांकडे पाहू नये.

उकड_आणि_सारण (सोमवार, रात्री १०.२२)
काका, मनगट नाही, बोट मोडले आहे. आणि मर्यादा ४५ हजारांची आहे.

चिकित्सक_कोथरूडकर (सोमवार, रात्री ११.०५)
दुचाकीस्वार यांनी मनगटाचा विषय काढलाच आहे, तर त्याबद्दलही बोलतो. ब्रिटनमध्ये मनगटाच्या फ्रॅक्चरच्या ४६१ रुग्णांवर तारा आणि प्लेट यांची तुलना करणारी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वर्षअखेरीस हाताच्या कामात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मॉड्युलर ओटीचेही तसेच आहे. कॅनडात हाताचे अनेक शल्यचिकित्सक अशा तारा मुख्य ओटीबाहेरच्या लहान खोलीत, हाताभोवतीचा भाग तेवढा निर्जंतुक करून आणि जागेपुरती भूल देऊन घालतात. ज्या मार्टिन किर्श्नर यांचे नाव या तारेला आहे, त्यांनी ती १९०९ मध्ये वापरात आणली. म्हणजे हा कालपरवाचा प्रयोग नव्हे.

दुचाकीस्वार_९ (सोमवार, रात्री ११.१२)
कॅनडात सिंहगड रस्त्यावरची धूळ नसते, साहेब.

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, सकाळी ६.५०)
मी ३१ वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी हाडांच्या वॉर्डात. तारेच्या तोंडाशी होणारा संसर्ग बहुतेक वेळा कातडीपुरताच असतो. लाली येते, थोडे पाणी सुटते, क्वचित पू होतो. वेळेवर दाखवले तर ड्रेसिंग आणि काही दिवसांच्या गोळ्या यांनी तो आटोक्यात येतो. हाडापर्यंत पोचणारा संसर्ग होऊ शकतो, पण तो विरळा.

खरी शत्रू सैल तार आहे. तार हलली की भोवतालची कातडी घासली जाते, तिथे ओल साचते आणि कातडीवरच्याच जंतूंना आत जायला वाट मिळते. म्हणून स्लॅब (हाताला एका बाजूने आधार देणारे अर्धे प्लास्टर) नीट बसला आहे ना, आणि तार जिथून बाहेर येते तिथे कातडी ताणलेली नाही ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कातडी ताणत असेल तर ती बारीकशी चिरून मोकळी करतात.

साखरेविषयी सांगायचे तर तीन महिन्यांचा आकडा आठवड्यात बदलत नाही आणि त्यापायी शस्त्रक्रिया लांबवूही नका, कारण बोटाचे हाड दोनेक आठवड्यांत वाकड्या जागीच चिकटू लागते. त्या दिवसाची आणि पुढच्या चार आठवड्यांची रोजची साखर मात्र ताब्यात ठेवा. ठणका वाढला, वास आला, ताप आला किंवा तार बाहेर सरकल्यासारखी दिसली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

कडू_कारले (मंगळवार, दुपारी १.३०)
माझा अनुभव भीषण आहे. दोन वर्षांपूर्वी एका रुग्णालयात (नाव घेत नाही) माझ्या करंगळीच्या मुळाशी तार घातली आणि नवव्या दिवशी प्लास्टरमधून वास येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यातच तार काढावी लागली, दहा दिवस गोळ्या खाल्ल्या आणि करंगळी अजून पूर्ण सरळ होत नाही. ओटी स्वच्छ नसणार, याबद्दल माझी खात्री आहे.

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, दुपारी ३.१०)
आंघोळ कशी करत होतात?

कडू_कारले (मंगळवार, दुपारी ३.४०)
हातावर दुधाची पिशवी चढवून वर रबर लावत होतो. एकदोनदा आत पाणी गेले असेल, पण नंतर पंख्याखाली वाळवले होते.

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, दुपारी ३.५५)
प्लास्टरखालचा कापूस पंख्याने वाळत नाही. ओला झाल्याच दिवशी जाऊन बदलून घ्यायला हवा होता.

क्रिकेटचे_बाबा (मंगळवार, रात्री ८.२०)
पुरूनच घ्या. माझ्या मुलाच्या बोटातल्या तारा कातडीखाली होत्या, एकदाही संसर्ग झाला नाही आणि सहा आठवड्यांनी तो पुन्हा गोलंदाजी करू लागला. काढताना जागेपुरती भूल देऊन परत चिरावे लागले आणि त्याचे १८ हजार वेगळे झाले, एवढेच.

टेकडीवरची_सकाळ (मंगळवार, रात्री ९.००)
टोकांभोवती हळद आणि खोबरेल तेल लावा. आणि पाणी अजिबात लागू देऊ नका, हे अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, रात्री ९.१५)
सांगितले आहे. हळद डाळीत घाला, तारेवर नको. ताईंना माझेही मत असे की मधुमेह आहे आणि स्वयंपाकाचा हात आहे, तेव्हा पुरलेल्या तारांना संसर्गाचा धोका कमी राहतो. डॉक्टरांशी त्याविषयी बोलून पाहा.

उकड_आणि_सारण (बुधवार, रात्री १०.३०)
सर्वांचे आभार. सिस्टर, आपण सांगितलेले सर्व डॉक्टरांना विचारले. पुरता येतील, पण मग काढण्यासाठी पुन्हा ओटी आणि १५ हजार, आणि साखर असलेल्या हातावर दुसरी चीर, असे ते म्हणाले. शेवटी आईनेच निर्णय घेतला. आत पुरलेले बिघडले तर मला कळणार कधी, बाहेर असेल तर रोज दिसेल तरी, असे तिचे म्हणणे पडले. त्यामुळे धाग्यावरच्या बहुमताविरुद्ध टोके बाहेरच ठेवत आहोत. शस्त्रक्रिया उद्या असून अंदाज ३८ हजारांचा आहे.

दुचाकीस्वार_९ (बुधवार, रात्री १०.४१)
पश्चात्ताप कराल.

उकड_आणि_सारण (पाच आठवड्यांनंतर, रविवार)
कळवायचे राहून गेले होते. एकोणिसाव्या दिवशी एका तारेच्या बुडाशी मसुराएवढी लाली दिसली आणि दाबल्यावर दुखू लागले. त्याच संध्याकाळी दाखवले, स्लॅब बदलला, पाच दिवस गोळ्या आणि रोज ड्रेसिंग झाले आणि लाली ओसरली. दुसऱ्या तारेला काहीच झाले नाही. एकोणतिसाव्या दिवशी डॉक्टरांनी ओपीडीत पकडीने दोन्ही तारा ओढून काढल्या. आई म्हणाली, तव्याचा चटका याहून जास्त लागतो. भोके दोन दिवसांत मिटली.

आता त्रास आहे तो ताठरपणाचा. बोट तळव्यापर्यंत अजून पोचत नाही, रोज दोनदा व्यायाम चालू आहेत. बोट करंगळीवर मात्र चढत नाही. यंदा उकड मी मळणार आणि कळ्या आई डाव्या हाताने पाडून बघणार, असे ठरले आहे. मागण्या निम्म्यावर आणल्या आहेत.

निवृत्त_सिस्टर (रविवार)
छान झाले. लाली करंगळीकडच्या तारेला आली होती का? झोपेत हाताचा भार त्याच कडेवर येतो आणि स्लॅबची कड तिथेच घासते.

उकड_आणि_सारण (रविवार)
हो, करंगळीकडच्याच. उशीवर हात ठेवून झोप असे रोज सांगत होते, पण पहाटे उशी खाली पडलेली असायची.