तिघं भाऊ क्रुगरमधे घुसून गायब झाले, आता यांचा माग कसा काढायचा?

धंतोलीचा_निशाचर

नमस्कार मंडळी, तुम्ही हसाल पण विचारूनच टाकतो. दीड वर्षापासून मी दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड या खासगी अभयारण्याची लाइव्ह सफारी पाहून राहिलो. तिथली दुपारची गाडी साडेतीनला निघते तेव्हा आपल्याकडे सात वाजतात, म्हणजे दुकानाचं शटर पाडून घरी येतो न येतो तोच टीव्ही चालू. बायको म्हणते माझ्या माहेरची माणसं तुम्हाला लग्नातही ओळखू येत नाहीत अन् सिंह बरोबर नाकावरून ओळखता. खोटं नाही ते.

तर झालं असं का त्यात तीन तरुण नर होते, साडेतीन-चार वर्षांचे, आयाळ अजून धड आलेली नाही, गळ्यापाशी नुसते केस पिंजारलेले. आईच्या कळपातून हाकलले गेल्यावर इकडं दोन दिवस तिकडं चार दिवस असं भटकत होते, कोणी मोठा नर दिसला का शेपूट घालून पळायचे. सव्वा महिन्यापूर्वी पूर्वेकडं लागून असलेल्या क्रुगर नॅशनल पार्कमधे गेले ते गेलेच. गाइड म्हणतो कुठंही असतील, मेलेही असतील. आता मी यांच्यासाठी चक्क वही घातली आहे, तारीख, जागा, सोबत कोण सगळं लिहून ठेवलं, अन् पुढची पानं कोरी. हे आता कुठं जाऊन ठाव धरतील याचा काही अंदाज बांधता येतो का? अन् वर्षभरानं आयाळ भरून परत आले तर हेच ते, हे कसं ओळखायचं? कोणाला माहीत असेल तर सांगा ना बाप्पा.

तर्रीपोहा

आधी हे सांगा भाऊ, तिघांची युती आहे का आघाडी? आपल्याकडचे असते तर सव्वा महिन्यात दुसऱ्या कळपात जाऊन शपथविधी उरकला असता 😄

सिल्लारी_गेट

तर्रीभाऊ 😂

निशाचरभाऊ, मी पेंचमधे बरीच वर्षं गाडीवर होतो, आफ्रिकेत एकदाच गेलो, तेही साबी सँडलाच, म्हणून थोडं बोलतो. पहिली गोष्ट, गायब म्हणजे मेले असं बिलकुल धरू नका. साबी सँड अन् क्रुगर यांच्यामधलं कुंपण १९९३ मधेच काढलं, सिंहाला ती हद्द माहीतच नाही. हद्द आहे ती गाड्यांना. साबी सँडमधे गाडी रस्ता सोडून झुडपात घालता येते, पुढच्या सीटवर ट्रॅकर बसून ठसे पाहत जातो. क्रुगरमधे टुरिस्टच्या गाडीला रस्ता सोडता येत नाही, अन् ते जंगल जवळपास २० हजार चौरस किलोमीटर. रस्त्यापासून दोनशे मीटर आत पडून असलेला सिंह तुम्हाला जन्मात दिसणार नाही. म्हणजे तुमच्या वहीतली पानं कोरी आहेत ती जनावरामुळं नाही, रस्त्यामुळं.

आता खरी गोष्ट. तुम्ही तिघांना शोधून राहिले, हेच चुकून राहिलं. भटका नर शोधून सापडत नाही कारण तो गप्प असतो. इलाखा असलेला नर रात्रभर बोंबलतो, झाडाझुडपांवर मुतून खुणा करतो, त्याची डरकाळी शांत रात्री सात-आठ किलोमीटर जाते. इलाखा नसलेला नर डरकाळी देतच नाही, देईल तर मार खाईल. त्यामुळं हे तिघं कुठं आहेत ते विचारू नका, जागा कुठं खाली होऊन राहिली ते पाहा. कुठले नर म्हातारे झाले, कोण लंगडून राहिलं, कोणती जोडी फुटली, कोणाचा आवाज आधी दोघांचा यायचा अन् आता एकट्याचा येतो. हे सिंह मोजतात बरं का. सेरेंगेटीत स्पीकरवरून अनोळखी डरकाळ्या वाजवून पाहिल्या होत्या, एकीचा आवाज असला तर सिंहिणी चालून जायच्या, तिघींचा असला तर कचरायच्या, आपण किती जणी आहो त्यावर ठरवायच्या. तुमचे तिघंही सध्या कुठंतरी पडून हेच ऐकत असतील.

मापोगोंचं उदाहरण घ्या, तुम्हाला माहीत असेलच. सहा नर, पाच एका कळपातले अन् सहावा मखुलू बाहेरून आलेला, वयानं मोठा. २००६ पासून पश्चिम साबी सँड त्यांनी पार उलथं करून टाकलं. सहा जण सोबत होते तोवर कोणाची टाप नव्हती. मग चार एकीकडं अन् किंकी टेल, मिस्टर टी हे दोघं दुसरीकडं अशी फाटाफूट झाली. २०१० मधे मजिंगिलाने म्हणून नवीन टोळी आली, किंकी टेल मारला गेला. मिस्टर टी परत भावांकडं आला अन् आल्यावर त्यांचेच बछडे मारले. २०१२ मधे तोही गेला, त्याला दुसऱ्या टोळीनं धरलं. म्हणजे त्या वेळी वही ठेवणाऱ्यानं मजिंगिलाने दिसायची वाट पाहायची गरजच नव्हती, मापोगो दोन ठिकाणी झोपायला लागले तेव्हाच पान उलटायचं होतं.

काटोलची_पल्लवी

सिल्लारी दादांचं पटलं, फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं म्हणून लिहिते. आयाळीवरून ओळखायच्या भानगडीत पडूच नका, ती वर्षभरात पार बदलते. मिशा पाहा. गालावर मिशांच्या मुळाशी ठिपक्यांच्या ओळी असतात, सगळ्यात वर एक अर्धवट ओळ असते एकदोन ठिपक्यांची, ते ठिपके खालच्या पूर्ण ओळीत कितव्या ठिपक्याच्या डोक्यावर येतात ते मोजायचं. डावा गाल वेगळा, उजवा वेगळा, अन् मरेपर्यंत बदलत नाही. १९७० च्या आसपासची पद्धत आहे, अजूनही चालते. त्यामुळं आजच जुन्या व्हिडिओतून तिघांचे दोन्ही गाल स्क्रीनशॉट काढून वहीत चिकटवून टाका. नाकाचा गुलाबीपणा वयाबरोबर काळा पडत जातो, त्यावरून वय कळेल पण नाव नाही. कानाची चीर चांगली खूण आहे, फक्त चिरा वाढत जातात.

दुसरं म्हणजे सगळ्यांना "भाऊ भाऊ" म्हणू नका. चार-पाचांच्या वरची टोळी असेल तर बहुतेक सख्खे-चुलतच असतात, पण दोघं-तिघं असले तर त्यात परका असू शकतो, वाटेत भेटलेला, एकट्यानं निभत नाही म्हणून जोडी जमवलेला. यामागं कारण आहे, मोठ्या टोळीत बापपण दोघा-तिघांनाच मिळतं, बाकीचे पुतण्यांवर समाधान मानतात. परका कशाला समाधान मानेल?

मी गीरला दोनदा गेले, तिथला हिशोब तर अजूनच वेगळा. तिथं शिकार मुख्यतः चितळाची, म्हणजे लहान, दहा तोंडांना पुरत नाही, म्हणून नर वेगळे राहतात, सिंहिणी वेगळ्या, भेट फक्त मेटिंगपुरती किंवा मोठी शिकार पडली तर. नरांच्या जोडीतही समान वाटप नाही, मेटिंगचा सुमारे ७० टक्के वाटा एकटा दादा नर खातो. तरी दुसरा सोडून जात नाही कारण एकट्याला शून्य. जय-वीरूचं वाचलं असेल ना, गीरच्या टुरिझम झोनमधली ती जोडी. २०२५ मधे दोघं वेगवेगळे असताना दुसऱ्या नरांनी गाठले, जूनमधे वीरू गेला अन् जुलैअखेर जय. मी त्यांना पाहिलं होतं, एक उठला का दुसरा उठणारच. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

बर्डी_टू_बर्डी

काय बे, उशाशी पेंच, ताडोबा, उमरेड अन् आफ्रिकेतले सिंह शोधून राहिले! आपला टिपेश्वरचा वॉकर वाघ विसरले का? २०१९ मधे एकटा निघाला अन् यवतमाळपासून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत, मधे तेलंगणा फिरून, तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. ना भाऊ ना युती.

सिल्लारी_गेट

बर्डीभाऊ, वॉकर दिसला कारण गळ्यात रेडिओ कॉलर होती. कॉलर नसती तर तो बातमीतही नसता. अन् कॉलर असूनही उमरेडचा जय वाघ एप्रिल २०१६ मधे गेला तो गेलाच, तेव्हा रडले नव्हते का तुम्ही? मी रडलो होतो. पण तुमच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर आहे, वाघ एकटा चालून जागा शोधतो, त्याला रिकामं जंगल पुरतं. सिंहाला रिकामं जंगल नको असतं, त्याला भरलेलं घर हवं, सिंहिणींसकट. म्हणून तो लढाईकडं चालत जातो, तिच्यापासून लांब नाही. तसा अपवाद गीरमधलाच, जानेवारी २०२३ मधे एक तरुण नर चालत गुजरातेतल्याच बरडा अभयारण्यात पोहोचला, तिथं १८७९ नंतर सिंह नव्हता. मग मागून माद्या आणल्या तेव्हा संसार झाला.

काटोलची_पल्लवी

आणि युगांडातला तीन पायांचा सिंह जेकब! शिकाऱ्यांच्या सापळ्यात पाय गेलेला, तो अन् भाऊ तिबू, फेब्रुवारी २०२४ मधे रात्री काझिंगा चॅनल पोहून गेले, जवळपास दीड किलोमीटर, मगरी अन् पाणघोडे असलेलं पाणी. काही तास आधीच सिंहिणींवरून मार खाऊन आले होते. थर्मल ड्रोनमधे दोन पांढरे ठिपके पाण्यातून सरकताना दिसतात. त्यामुळं निशाचर दादा, नदी आडवी आली म्हणून तुमचे तिघं थांबले असतील असं वहीत लिहू नका.

अजून एक. नवीन नर कुठं दिसले अन् मेटिंगही दिसली तर लगेच "राजे झाले" लिहू नका. ताबा बदलल्यावर सिंहिणी तीन-चार महिने माजावर येत राहतात पण गाभण राहत नाहीत, तोवर हे टिकतात का तेच जणू पाहतात. जुने बछडे दिसेनासे झाले (नवे नर ते मारतात), अन् मग नवे जन्मले, की मागं ११० दिवस मोजा. ती तारीख पक्की.

धंतोलीचा_निशाचर

मंडळी तुम्ही तर माझी झोपच उडवली. कालची रात्र वही उलटी वाचत बसलो, तिघांची पानं सोडून बाकीची. दक्षिणेकडं दोन म्हातारे नर आहेत, मी त्यांच्याबद्दल कधी नीट लिहिलंच नव्हतं, कंटाळवाणे म्हणून. पण "डरकाळी, दोघं" असं मार्चपर्यंत सात वेळा लिहिलेलं सापडलं, अन् नंतर "डरकाळी, एक", "डरकाळी, एक", मागच्या बारा दिवसांत तर आवाजाची नोंदच नाही. दुसरा कुठं आहे ते गाइडही बोलत नाही. आता मी दोन रकाने आखले, एक दिसण्याचा, एक ऐकण्याचा. बायकोनं विचारलं हे काय लिहून राहिले, म्हटलं कोण गप्प आहे ते. तर म्हणे मग माझंही नाव लिहा, मी आठ दिवसांपासून गप्प आहे, तुमचं लक्ष कुठं आहे.

सात वाजत आले, शटर पाडतो. दक्षिणेच्या रस्त्यावर गाडी गेली तर रात्री येऊन लिहितो.