घरातल्यांचे फोटो एकत्र केले आणि फोन कुणाचा भरला? अनुभव सांगा

रामबागकरीण
रंगपंचमीला आम्ही सगळे इंदूरच्या राजवाड्यावर, गेर म्हणजे रंगाची मिरवणूक बघायला. टँकरवरून रंगाचा फवारा अगदी अंगावर आला आणि सासरे फोन उंच धरून तसेच उभे. व्हिडिओ होईचना. काच पुसून बघितली तर 'स्टोरेज फुल'. म्हणाले, "मी महिन्यात एक फोटो काढत नाही, माझा फोन भरला कोणी?"

मला एकदम बाबांचा कॅमेरा आठवला. ३६ चा रोल. शेवटचे दोन-तीन फोटो ते कायम राखून ठेवायचे, पाहुणे आले तर असावेत म्हणून. पाहुणे काही येत नसत. मग रोल धुवायला टाकायच्या आधी आजीला तुळशीपाशी उभं करायचे. ती "थांब रे, पदर घेते" म्हणेपर्यंत खटका दाबलेला. आमच्याकडे आजीचे जवळजवळ सगळे फोटो पदर सावरतानाचेच आहेत.

असो. तर फोन भरला कोणी? आम्ही सगळ्यांनी मिळून. नणंदेने आयफोनवर सामाईक फोटो लायब्ररी केली आहे. ही सोय २०२२ च्या ऑक्टोबरात आली, बनवणारा धरून सहा जणांची. त्यात टाकलेलं सगळं आयक्लाउडमध्ये (अॅपलच्या इंटरनेटवरच्या साठ्यात) बनवणाऱ्याच्याच जागेत मोजतात, म्हणजे नणंदेच्या. बाकीच्यांची आयक्लाउडची जागा उलट मोकळी होते. पण फोनमधल्या जागेचा हिशेब निराळा. सासऱ्यांच्या फोनवर 'डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स' सुरू होतं. त्यामुळे माझ्या लेकीचे नाच, नणंदेच्या यजमानांचं जिम, सगळं मूळ आकारात त्यांच्या ६४ जीबीच्या फोनवर उतरत होतं. तिथे 'ऑप्टिमाइज आयफोन स्टोरेज' केलं, म्हणजे फोनवर फक्त बारीक प्रती राहतात, रात्रभर वायफायवर चार्जिंगला ठेवला, मग हळूहळू जागा झाली.

ज्यांच्या घरी हे रामायण आधीच झालंय त्यांनी लिहा.

सराफ्यातला_निशाचर
नणंदेच्या यजमानांचं जिम 😂😂 सासरे रोज बघत असणार बिचारे

सुदामानगर
आमच्याकडे अँड्रॉइड. गूगल वनचा, म्हणजे गूगलवर जास्तीची जागा देणारा प्लॅन मी घेतला आणि फॅमिली जोडली. आईला वाटलं आता सगळ्यांचे फोटो सगळ्यांना दिसणार, म्हणून तिने आठवडाभर बँकेच्या पासबुकाचे फोटोच काढले नाहीत. तसं काही नसतं. जागा फक्त एकत्र, फोटो ज्याचे त्याला. सहा जणांत वाटून.
पण ती जागा म्हणजे वाड्यातली सामाईक टाकी. एकाने नळ उघडा ठेवला की सगळ्यांच्या बादल्या कोरड्या. धाकट्याने क्रिकेटचे व्हिडिओ चढवले आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत वहिनीचे मेल अडकले.

गीताभवन_चौक
@सुदामानगर अर्धं बरोबर. प्रत्येकाची स्वतःची १५ जीबी आधी वापरली जाते, ती भरल्यावरच सामाईक जागेला हात लागतो. वहिनींची १५ जीबी संपली असणार म्हणून त्या अडकल्या. जीमेल, ड्राइव्ह, फोटो तिन्ही एकाच १५ मध्ये. जुने मोठ्या अटॅचमेंटवाले मेल काढायला सांगा.

सुदामानगर
अच्छा. बघतो. काढायचं कोण हा प्रश्न आहे, ती म्हणते मेल माझे पण भरली कोणी.

पोहे_विदाउट_सेव
'सेव नाही तर पोहे कसले, आधी नाव बदला' असं कोणी म्हणू नका, ऐकून झालंय.
विषयावर: मुंजीचा एकच फोटो आमच्या घरात आठ फोनवर. मामाने काढला, ग्रुपवर टाकला, आत्याने दुसऱ्या ग्रुपवर, काकांनी परत मला. तिन्ही वाटांनी माझ्याच फोनवर उतरला. व्हॉट्सअॅपमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की गॅलरीत दिसणं थांबतं, पण फोनमध्ये उतरणं थांबवायचं तर ऑटो डाउनलोडही बंद करावं लागतं. लोक पहिलंच करतात आणि म्हणतात फरक पडला नाही.

मुंजीची_आई
अगदी अगदी. आणि एवढं होऊन छापायला एकही धड नाही. मातृभोजनाचा, त्याच्या तोंडात आजी घास घालतेय तो, फ्रेमवाल्याकडे नेला तर तो म्हणाला "ये तो फट जाएगा मॅडम". व्हॉट्सअॅपने बारीक केलेला. मूळ मामाकडे, आणि मामाने "ग्रुपवर आहेतच" म्हणून फोनमधून उडवले. 😑 डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारीक होत नाही, म्हटलं होतं मी तेव्हाच, पण मुंजीच्या घरात ऐकतं कोण

राजेंद्रनगर_काकू
मातृभोजनाला काय काय होतं गं? आमच्याकडे मे मध्ये आहे नातवाची. केटरर कोण सांगितला होता?

मुंजीची_आई
@काकू व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पुरणपोळी छान होती त्यांची.

बडोदेकर
इंदूरवाल्यांत घुसतोय, माफ करा. मांडवीजवळच्या आमच्या घरात हा प्रकार गरब्यामुळे होतो. नऊ रात्री, आणि मुलगी ४के ला ६० फ्रेमवर, म्हणजे अगदी बारीक तपशिलात चित्रण करते. आयफोनवर त्याचा एक मिनिट म्हणजे साधारण ४०० एमबी. दहा मिनिटांत ४ जीबी, आयक्लाउडची फुकटची सगळी जागाच ५. तेच साध्या १०८०पी ला ३० फ्रेमवर ठेवलं तर मिनिटाला ६० एमबीच्या आसपास. घागऱ्याचा घेर दोन्हीत तेवढाच दिसतो, मी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं तिला. नाही ऐकलं.

सराफ्यातला_निशाचर
घुसा की बडोदेकर भिया, अपनेच लोक आहेत सगळे. येताना लीलो चेवडो आणा.

टिळकनगर_मधली_आळी
आमच्या काकांनी टाळेबंदीत घरातले सगळे अल्बम स्कॅन करून गूगल फोटोजवर चढवले. कोपऱ्यात चिकटवलेले ते काळे त्रिकोण असतात ना, तेसुद्धा दिसतात. काळे त्रिकोण, खाली आजोबांच्या अक्षरात "मांडव, पावसाळा" एवढंच. साल नाही. मांडवला, म्हणजे मांडूला, आमच्यातले सगळे दर पावसाळ्यात जात होते, आता शोधा.
जागेचं म्हणाल तर १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'त (थोडं बारीक करून) चढवलेलं मोजत नाहीत, त्यामुळे सगळे जुने फुकटात बसले. काकांना हे आधी कळलं होतं असं ते सांगतात. काकू म्हणतात वेळ जात नव्हता म्हणून केलं. नंतरचं मात्र 'स्टोरेज सेव्हर' (त्याच 'हाय क्वालिटी'चं नवं नाव) असो की 'ओरिजिनल', १५ जीबीत मोजलं जातं.

गीताभवन_चौक
आणि ज्यांना ते सामाईक अल्बममधून दिसतात त्यांची काहीच जागा जात नाही. फक्त 'सेव्ह' दाबू नका. दाबलं की तुमच्या खात्यात वेगळी प्रत.

टिळकनगर_मधली_आळी
आत्याने सगळे सेव्ह केलेत 🙈 "माझ्याकडे पण असावेत." तिला कसं समजवायचं, माहेरचे फोटो आहेत.

रामबागकरीण
नका समजावू. असू देत आत्यांकडे.

नवी_सून_लोकमान्यनगर
मी गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' दाबून दिलं सासूबाईंच्या फोनवर. मग त्या इंटरनेट बंद असताना गॅलरी उघडून बसल्या. माझ्या हातून चहाचा कप घेतला नाही त्या दिवशी. नंतर नेट सुरू केल्यावर फोटोज अॅपमध्ये सगळे दिसले, तेव्हा बोलल्या. ज्यांना करायचंय त्यांनी आधी घरात सांगून करा!! फोनमधली प्रत जाते, गूगलवरची राहते. पण अॅपमध्ये जाऊन नुसतं डिलीट केलं तर दोन्हीकडून जातं, ते ६० दिवस ट्रॅशमध्ये सापडतं.

पोहे_विदाउट_सेव
चहाचा कप 😂 जपून राहा

रामबागकरीण
हो ना, आयफोनच्या सामाईकमध्ये तर कोणीही कोणाचाही फोटो उडवू शकतं. 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस असतो, पण परत आणायचा तर ज्याने टाकला त्यालाच जमतं. नणंदेच्या यजमानांना याची भीती वाटते म्हणे.

सराफ्यातला_निशाचर
सासऱ्यांचं बोट कुठे आहे बघा

अनामिक_इंदुरी
थोडं वेगळं लिहिते. आई गेल्यावर तिचा फोन माझ्याकडे आला. घरातला सगळ्यात मोठा अल्बम तिच्या खात्यात, आम्हा भावंडांना फक्त शेअर केलेला. फोटो दिसतात म्हणजे आपल्याकडे आहेत असं धरून चाललो होतो. खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते मिटवू शकतं, हे समजल्यावर धाकटी बहीण अधूनमधून आईच्या नावाने लॉगिन करते. एखादा मेल उघडते. दुकानांचे ऑफरचे मेल येतात अजून, साड्यांचे. आम्ही दोघींनी मिळून मूळ फोटो उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे पण ती मधेच एखाद्या फोटोवर थांबते आणि मग त्या दिवशी काही होत नाही.
ज्यांचे आईवडील आहेत त्यांनी आत्ताच बसून करा. गूगलमध्ये 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' असतो, तिथे आपल्यानंतर कुणाला काय मिळावं ते लिहिता येतं. अॅपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट'.

राजेंद्रनगर_काकू
बाळा, सावकाश करा. घाई नाही. मी आजच मुलाला सांगते माझं करायला.

मुंजीची_आई
🙏

गीताभवन_चौक
अनामिक, तिच्या खात्यात सामाईक अल्बममधले इतरांनी टाकलेले फोटो असतील तर ते ज्याच्या त्याच्या खात्यातच असतात. म्हणजे तुम्हाला फक्त आईंनी स्वतः टाकलेले उतरवायचे आहेत. गूगलच्या 'टेकआउट' सोयीने एकदम मागवता येतात, एकेक उघडावा लागणार नाही.

अनामिक_इंदुरी
हे माहीत नव्हतं. बहिणीला पाठवते. तरी ती उघडणारच आहे.

ग्वाल्हेरची_लेक
मी उशिरा आले. आमच्या घरात कोणाचाच कशावर विश्वास नाही, दादा सगळं हार्डडिस्कवर घेतो आणि डिस्क गोदरेजच्या कपाटात दागिन्यांच्या खणात. त्या खणाची किल्ली आईकडे. फोटो बघायचे तर आधी आईला किल्ली मागा, मग ती विचारणार कशाला, मग ती पण बसणार बघायला, मग जेवायला उशीर. एक गोष्ट मात्र दादाची मानते, डिस्क दोन आहेत. एक मामाकडे.

सुदामानगर
जेल रोडला डॉलर मार्केटमध्ये जातोय शनिवारी, डिस्क घ्यायला. पेनड्राइव्ह चालेल का २ टीबीचा? स्वस्त दिसला ऑनलाइन.

गीताभवन_चौक
नको!! फार स्वस्तात २ टीबी म्हणजे बहुतेक आत ३२ किंवा ६४ जीबीच असते, फोनला खोटा आकडा दाखवते. भरल्यावर जुन्यावरच नवं लिहीत जाते, फाइलची नावं दिसतात पण उघडत नाहीत. साधी नावाजलेली १ टीबीची हार्डडिस्क घ्या, बिल घ्या.

सुदामानगर
वाचलो. धन्यवाद. दुकान कुठलं ते पण सांगा ना.

पोहे_विदाउट_सेव
तिकडे जाताय तर राजवाड्याशी उतरून कचोरी खाऊन जा, उपाशी पोटी भाव करता येत नाही.

राजेंद्रनगर_काकू
@मुंजीची आई, व्यनि आला गं. त्यांना ताकाची कढी जमते का? आमच्या व्याह्यांना मठ्ठा चालत नाही.

मुंजीची_आई
जमते काकू. गोड मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर साखर सढळ हाताने घालतात.