मे महिन्यातलं लग्न अन् जरबेरा

ताई, लेकीच्या मे महिन्यातल्या लग्नाला फुलं गावच्या माळ्याकडून घ्यावी की नागपूरच्या डेकोरेशनवाल्याकडून, असं तुम्ही विचारलंत. आमच्याकडे भावाच्या लग्नात स्टेजला जरबेराच हवा असा नवरदेवाचा हट्ट. डेकोरेशनवाल्यानं सकाळी ८ लाच लावून टाकला. पारा ४४ वर! गोरज मुहूर्तापर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या. फोटोत ती फुलं वऱ्हाड्यांपेक्षा दमलेली दिसतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मोकळा झेंडू धरा, अन् गजऱ्यांना मोगरा, त्याचा हंगामच तो. शेवंती थंडीतली, तिच्या मागे लागू नका. नागपुरातल्या सीताबर्डीच्या फुलबाजारातून पहाटे माल उचलून ओल्या बारदानात गुंडाळून आणता येतो. गाव दूर असेल तर गाडीभाडं आधीच धरा.

कोणालाही ठरवा, पण लावायला माणसं किती वाजता येणार हे वदवून घ्या. दुपारी ३ च्या आधी नकोच. वरमाला मात्र आम्ही गावच्या माळ्याकडूनच घेतल्या. त्यानं ओल्या फडक्यात बांधून कूलरसमोर ठेवल्या होत्या, ताज्या राहिल्या. इसार थोडाच द्या, बाकी फुलं पाहून. मांडवावर टाकायला जांभळाच्या डहाळ्या तर शेताच्या धुऱ्यावरच्याच (बांधावरच्याच) मिळतील.